मागच्या गोळ्याला लॉकर बसवायचं आहे: देशी घेऊ की बाहेरचं?

जीपवाला_घाटंजी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून, घाटंजी तालुक्यातून लिहितो. जीप महिंद्रा सीजे ५०० डी, १९८८ ची, फोर व्हील, वडिलांच्या हातची. मी पशुवैद्यक पदविका केलेला माणूस. दिवसा गावोगाव कृत्रिम रेतनाचं काम, आणि रात्री कुठं गाय अडली की डॉक्टरसाहेबांना घेऊन जायचं कामही माझ्याकडेच येते, कारण पावसाळ्यात आमच्या भागातल्या पांदणीत दुसरी गाडी शिरत नाही.

यंदा पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. पहिलारू गाय, दोन तासांपासून कळा, वासराचा एकच पाय बाहेर. डॉक्टरांना घेतलं आणि निघालो. डांबरी सोडली की गोठ्यापर्यंत तीन किलोमीटर पांदण, सगळी काळी माती. शेवटचे सहाशे मीटर राहिले होते आणि डावीकडची दोन्ही चाकं बंडीच्या जुन्या चाकोरीत उतरली. फोर व्हील लो टाकला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर दिला. गाडी जागची हलेना. टॉर्च घेऊन खाली उतरलो, डॉक्टरसाहेबांना म्हटलं तुम्ही थोडी रेस द्या. मागचं डावं चाक गाऱ्यात नुसतं फिरून राहिलं होतं. उजवं चाक चांगल्या कडक धुऱ्यावर उभं, आणि त्याच्या टायरच्या खाचेत हरळीची एक काडी अडकलेली होती. ती काडी हलत नव्हती. समोरही तेच, डावं फिरते, उजवं उभं. चार चाकांची गाडी, त्यातली दोन चाकं कोरड्यावर, आणि गाडी फसलेली.

पायी गेलो. गुडघाभर गाऱ्यात सहाशे मीटरला अर्धा तास लागला. गाय वाचली, वासरू गेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी पोचलो असतो तर पाय सरळ करून काढता आलं असतं. त्या घरी दुधाचं जनावर तेवढं एकच. ती काडी काही डोळ्यांसमोरून जात नाही.

तर लॉकर, म्हणजे एक चाक फिरायला लागलं तरी दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारी यंत्रणा, बसवायचं हे ठरलं. निदान मागच्या गोळ्याला, म्हणजे मागच्या डिफरन्शियलला (डिफ). आता मला मिळालेले भाव सांगतो:

उत्तरेकडच्या एका वर्कशॉपमध्ये तयार होणारं ऑटोमॅटिक लॉकर, २२ हजार, फिटिंग आपली आपण. अमेरिकन डबा लॉकर, म्हणजे आतले छोटे गिअर काढून त्यांच्या जागी, गोळ्याच्या त्याच केसमध्ये, म्हणजे आतल्या खोळीत, बसणारं, मागवून देणारा ४८ हजार म्हणतो. आणि ऑस्ट्रेलियन एअर लॉकर, कॉम्प्रेसर, पाइप, फिटिंग सगळं धरून १ लाख ४० हजाराच्या घरात. माझी जीपच आज विकायला काढली तर दोन लाखाच्या वर कोणी देणार नाही.

पैसा कर्जाऊ काढायची तयारी आहे, पण चूक करायची तयारी नाही. देशी माल तुटतो असं जो तो सांगते, पण स्वतः तुटलेला पाहिला असं सांगणारा अजून भेटला नाही. ज्यांनी बसवलं, वापरलं, खोललं, त्यांनी कृपया लिहा.

टूलरूम_हिंगणा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी नागपूरला हिंगणा एमआयडीसीत गिअर आणि हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे, सतरा वर्षं झाली. माझ्या बाजूचं सांगतो.

देशी की परदेशी हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. फोर्सची गुरखा पुढच्या-मागच्या दोन्ही डिफला लॉक घेऊन कारखान्यातूनच निघते, ती इथंच बनते. तुमच्या गावात जेवढे ट्रॅक्टर आहेत, बहुतेक सगळ्यांना डिफ लॉक आहे आणि तेही इथलेच. म्हणजे आपल्याकडे हे जमत नाही असं अजिबात नाही. खरा प्रश्न असा, की तो २२ हजाराचा तुकडा कोणत्या पोलादाचा आहे आणि त्याला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसा केला आहे.

लॉकरचे दात एकमेकांत आदळून बसतात, आणि ओढ पडली की अख्ख्या इंजिनाचा जोर दोनच तोंडांवर येतो. त्याला वरून कडक आणि आतून चिवट असा माल लागतो. २० एमएनसीआर ५ किंवा त्या जातीचं पोलाद घेऊन केस हार्डनिंग केलं, तर वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेल (कडकपणाचं माप) येतो आणि गाभा मऊ राहतो, धक्का सोसतो. काही छोटी वर्कशॉप्स ईएन ८ या साध्या पोलादाचा रॉड घेतात, दात पाडतात, नुसतं तापवून तेलात बुडवतात. दिसायला दोन्ही सारखे काळे. ईएन ८ वाल्याचे दात काही महिन्यांत गोल होतात, किंवा फार कडक केले असतील तर कोपरे उडतात.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने असंच एक लॉकर तपासायला आणलं होतं. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही. दातावर कानस फिरवली तर कानसेने माल खाल्ला. मशिनवर ठेवलं, ३९ आलं. ते गाडीत बसलं असतं तर एका पावसाळ्यात गेलं असतं. त्याच शेतकऱ्याने नंतर दुसरीकडचं आणलं, तेही देशीच. ५९ आलं, आणि अजून चालू आहे.

म्हणून विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पोलाद कोणतं, केस डेप्थ (वरच्या कडक थराची जाडी) किती, हार्डनेस (कडकपणा) किती. जो आकडे सांगतो त्याच्याशी पुढं बोला. जो "एकदम मजबूत माल आहे साहेब" एवढंच म्हणतो त्याला सोडा. तुकडा हातात आला की मला कळवा. आपण रॉकवेलवर बघू, पैसे लागत नाहीत.

सेमाडोहकर

दादा, मी मेळघाटातला. माझ्या २०१२ च्या थारला ऑस्ट्रेलियन एअर लॉकर मागे बसवलेलं आहे, चौथं वर्ष सुरू आहे. २०१५ पासूनच्या थारला कंपनीचंच मेकॅनिकल लॉकिंग डिफ मिळायला लागलं, माझी त्याआधीची.

चांगलं आधी सांगतो. बटण दाबलं तर लॉक, सोडलं तर साधी गाडी. चिखलदऱ्याच्या घाटात पावसात उतरताना याची किंमत कळते. ऑटोमॅटिक लॉकरवाली जीप मी मित्राची चालवली आहे. ओल्या डांबरावर वळणात गॅस दिला की मागचा भाग बाहेर जायला बघतो, कारण गॅस आला की ते लॉक होते. सवय होते, पण मुलंबाळं मागे बसली असली की मन धजत नाही. एअर लॉकरमध्ये तो धाक नाही.

आता त्रास. दुसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी आपोआप चालू व्हायला लागला. हवा कुठंतरी जात होती. आधी सापडलं ते वेगळंच, गोठ्याजवळ गाडी उभी असते तिथं उंदराने निळा पाइप कुरतडलेला. तो बदलला तरी थांबेना. मग व्हॉल्व्हच्या तोंडातून गिअर ऑइलचा थेंब यायला लागला, तेव्हा कळलं की आतली ओ रिंग गेली. नखाएवढी रिंग. साइजची साधी रिंग अमरावतीत मिळाली ती पंधरा दिवसांत पुन्हा गेली. मूळची मागवली, यायला पाच आठवडे लागले, आणि ते पाच आठवडे जुलै-ऑगस्टचे होते. गोळा पूर्ण खोलावा लागतो, बेअरिंग काढावं लागते, पुन्हा बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक, लावावा लागतो. धारणीत ते करणारा मिस्त्री मला मिळाला नाही, अमरावतीला टोचन करून न्यावी लागली.

पैशाचं म्हणाल तर भाव विचारताना कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून विचारा. गाड्यांच्या पार्ट्सवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. जुने कोटेशन असेल तर नव्याने मागा.

मला विचाराल तर वस्तू उत्तम आहे. पण तुमचं काम माझ्यासारखं नाही. माझी गाडी पाच आठवडे उभी राहिली तर मी मोटरसायकल काढतो. तुमच्या जीपची वाट कोणीतरी बघत असते.

संत्रा_वरुड

भाऊ, टायर कोणते आहेत? हवा किती होती? काळ्या मातीत आधी टायर भरतो, मग गाडी फसते. खाचा मातीने भरून टायर गुळगुळीत झाला की लॉकर असलं तरी दोन्ही चाकं मिळून फिरतील, एवढंच. मड टायर घ्या, पांदणीत शिरायच्या आधी हवा १८ पर्यंत उतरवा, जवळ पंप ठेवा.

दुसरं, ट्रॅक्टरचं डिफ लॉक आपण कसं वापरतो ते आठवा. चाक फिरायला लागल्यावर पेडल दाबलं तर दणका बसतो. ओलं दिसलं की आधीच दाबायचं, सरळ निघायचं, आणि वळताना सोडायचं. गाडीतही तेच. हँडब्रेक दोन-तीन खट ओढून गॅस दिलात का त्या रात्री? फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा झाला की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो.

जीपवाला_घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाचं उत्तर देतो.

वरुडवाले भाऊ, टायर साधे आहेत, अर्धे झिजलेले, हवा २८ होती. ही माझी चूकच, मानतो. टायर बदलतोच आहे. हँडब्रेकची युक्ती माझ्या जीपवर चालत नाही, कारण हिचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर आहे. तो ओढला की अख्खा शाफ्टच धरला जातो, डाव्या-उजव्या चाकाला फरक पडत नाही. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून उजव्याने गॅस, असं मात्र केलं होतं. एक हात गाडी पुढं सरकली आणि पुन्हा बसली. चाकाखाली पऱ्हाट्या टाकायला आजूबाजूला काही नव्हतं, सगळं हिरवं वावर.

सेमाडोहकर दादा, तुमचे पाच आठवडे वाचून माझं एअर लॉकरकडून मन निघालं. घाटाचा धाक मला नाही, आमचा मुलूख सपाट, आणि जीप पन्नासच्या वर जात नाही. पण एक विचारतो. आडव्या उतारावर, म्हणजे नाल्याच्या काठाने जाताना मागची दोन्ही चाकं लॉक असली तर गाडी खाली घसरत नाही का?

हिंगण्याच्या भाऊंना काय म्हणू. त्या उत्तरेकडच्या वर्कशॉपला तुमचे तिन्ही प्रश्न आजच पाठवले.

सेमाडोहकर

घसरते. साध्या डिफमध्ये एक चाक फिरते आणि दुसरं निदान गाडीला धरून ठेवते. लॉक असलं की फिरायला लागली तर दोन्ही मिळून फिरतात आणि मागचा भाग खालच्या बाजूला जातो. आडव्या उतारावर मी बटण बंद करतो. ऑटोमॅटिकला बटण नाही, त्यामुळं तिथं गॅस अगदी हळू, किंवा रस्ता बदला. पुढच्या डिफला ऑटोमॅटिक बसवायचा विचार सध्या करू नका. तुमच्या स्टिअरिंगला पॉवर नाही, फोर व्हीलमध्ये वळवताना हात दुखून येतील.

मिस्त्री_पुसद

पोरा, मी बेचाळीस वर्षं झाली जीपाच खोलून राहिलो. सगळ्यायनं बरोबर सांगतलं, पण एक गोष्ट कोनीच नाही सांगतली. गोळा खोलल्याशिवाय कोनाले एक पैसा देऊ नोको.

मागच्या साली माह्याकडं एक जीप आली. मालकानं बाहेरून लॉकर मागवलं होतं, चांगलं महागाचं, खोक्यावर डाना ४४ लिहेल. ह्याचाही गोळा डाना ४४ च्याच जातीचा, मंग बसनच म्हने. अमेरिकेत महिंद्राची रॉक्सर इकत होती, थिच्यासाठीचं थे लॉकर. क्राउन म्हंजे गोळ्यातला मोठा गिअर, पिनियन म्हंजे त्याले फिरवनारा लहान; दोघायच्या दातायचा भागाकार तो रेशो. रॉक्सरचा रेशो ३.७३. ह्याच्या जीपचा ५.३८. आता पाहाय, रेशो लहान असला का पिनियनचं डोकं मोठं असते, म्हनून क्राउन बसवाची थाळी दूर असते. ५.३८ चं पिनियन बारीक. क्राउन लावला तं दात पिनियनपर्यंत पोचतच नाही. डाना ४४ मंदी ३.७३ अन त्याच्या खालचे एक केस, ३.९२ अन वरचे दुसरं केस. हे लक्षात ठेव. थे खोकं अजून त्याच्या घरी पडून हाय, वापस कोन घेते.

डबा लॉकर घेतलं तं केस तुहीच राहाते, मंग हा झगडा नाही, बॅकलॅशलेही हात लावा लागत नाही. पण स्प्लाइन मोज. एक्सलच्या टोकाले दात किती हायेत, १०, १९ का ३०. साला-सालाले बदलत गेले, अन पस्तीस वर्षाच्या जीपमंदी कोनं काय घातलं असन काय सांगता येते. दोन्ही बाजूचे मोज, एका बाजूचं पाहून दुसरी धरू नोको.

आखरी गोष्ट एक्सलची. साध्या गोळ्यात एका एक्सलवर निम्म्यापेक्षा जास्त जोर जातच नाही. लॉकर लागलं का कोरड्यावरच्या एका चाकावर पुरा जोर येऊ शकते. तुह्या एक्सलचं बाहेरचं टोक टेपर (निमुळतं) अन चावीचं असन, तं चावी अन खाच दोन्ही पाहून घे. चावी घासेल असली तं पयलं थेच तुटन, अन लोक म्हनतीन लॉकर खराब होतं. टायर मागचे दोन्ही सारखे, एकाच झिजेचे, हवा सारखी. फरक असला तं लॉकर रस्त्यावरही भांडत राहाते.

अन कोनी म्हनन गोळ्याले वेल्डिंग मारून दे, पाचशे रुपयात लॉक होते. नोको करू. रस्त्यावर वळनावर एक्सल तोडते थे.

जीपवाला_घाटंजी

काका, रविवारी गोळा खोलला. तेल काढलं, कव्हर काढलं, डिझेलने धुतला. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८ च. दोन्ही एक्सल काढून मोजले, १९ आणि १९. वडिलांच्या ट्रंकेत १९९८ ची एक्सल-जोडीची पावती सापडली, म्हणजे त्यांनीच बदलले असावेत. तुम्ही सांगितलं नसतं तर मी १९८८ ची गाडी म्हणून दुसरंच काही सांगून बसलो असतो. बाहेरून टेपरच आहे. डावीकडची चावी हातानेच हलत होती, दोन्ही नव्या टाकल्या.

उत्तरेकडच्या वर्कशॉपने तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं: २० एमएनसीआर ५, केस डेप्थ ०.८ ते १ मिलिमीटर, हार्डनेस ५८ च्या वर. मी त्यांना सरळ सांगितलं, अर्धे पैसे आता, हिंगण्याला तपासून आकडा आला की उरलेले, आणि बिल पक्कं पाहिजे. थोडी कुरकुर झाली, पण तयार झाले. १९ स्प्लाइनचं पाठवतो म्हणाले. आकडा कमी आला तर परत, आणि मग ४८ हजाराचं अमेरिकन.

जीपवाला_घाटंजी

उशिरा लिहितो, रेतनाच्या कामाची गर्दी होती.

तुकडा घेऊन हिंगण्याला गेलो. भाऊंनी चार ठिकाणी तपासलं: ५९, ५८, ६०, ५९. कानस माझ्या हातात दिली, म्हणाले तुम्हीच फिरवा. सर्रकन घसरली, ओरखडाही नाही. चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत. तिथूनच वर्कशॉपला उरलेले अकरा हजार टाकले.

काकांकडे पुसदला जीप नेली. सकाळी दहाला लागले, चारपर्यंत झालं. ८०-९० नंबरचं जीएल ५ गिअर तेल नवीन टाकलं. मागे दोन मड टायर नवीन, एकाच दिवशीचे. सगळं धरून, टायर सोडून, २७ हजाराच्या आत बसलं.

चालवायला कशी ते ज्यांना बसवायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. घाटंजीच्या बाजारातून हळू वळताना मागून टक-टक-टक असा आवाज येतो, बाहेरचं चाक पुढं जाताना दात सुटतात त्याचा. पहिल्या दिवशी लोक वळून बघत होते. वळणातच गॅस सोडला किंवा दिला की एक हलका झटका बसतो. सेमाडोहकर दादा म्हणाले तसा ओल्या डांबरावर मुद्दाम रिकाम्या जागी करून बघितला. मागचा भाग सरकतो, खरं आहे. त्यामुळं पावसात वळणावर पाय हलका ठेवायचा असं डॅशबोर्डवर पट्टी लावून लिहून ठेवलं आहे, कारण कधीकधी लहान भाऊही चालवतो.

आणि परवा परतीच्या पावसानंतर त्याच पांदणीत गेलो. हवा १८. मुद्दाम डावी बाजू त्याच चाकोरीत उतरवली, भावाला गॅस द्यायला बसवलं आणि मी खाली उतरून उजव्या चाकाजवळ उभा राहिलो. डावं फिरलं, आतून एक ठक असा आवाज आला आणि उजवं धुऱ्याला धरून चालायला लागलं. गाडी चाकोरीतून वर आली. गोठ्यावर गेलो, त्या घरच्यांना भेटलो. गाय माजावर आली आहे म्हणाले, नायट्रोजनचं भांडं गाडीतच होतं, तिथंच रेतन करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

काका, ५०० किलोमीटरला तेल काढून बघायला सांगितलं होतं तुम्ही. आज ४१० झाले. चुंबकावर बारीक राखेसारखा चुरा आला तर चालतो म्हणालात, पण किती आला म्हणजे काळजीचा समजायचा? आणि कणी सापडली तर फोटो इथं टाकू की गाडी घेऊनच येऊ?

मिस्त्री_पुसद

बोटाले राखेसारखं लागलं तं पुसून टाक अन नवं तेल भर. नखात धरता येईन अशी कनी असली तं चालवू नोको, फोटो टाक अन मले फोन कर, मीच येतो तिकडं.